वाङ्मयचौर्याचा एक प्राचीन पाठ

परक्याचें लेखन आपलें म्हणून पुढें करण्याच्या कृत्यास मराठींत वाङ्मयचौर्य असें नांव आहे. महाविद्यालयांतील निबंध, पदवीसाठीं सादर होणारे प्रबंध आणि संशोधकांचे लेख यांच्या संबंधांत हा शब्द अलीकडे वारंवार कानांवर येतो. विद्यापीठ अनुदान आयोगानें जुलै २०१८ मध्यें या विषयावर स्वतंत्र नियम प्रसिद्ध केले. साम्याच्या प्रमाणावरून दोषाच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीस शिक्षा त्यांत ठरविण्यांत आली. नियम झाले, साम्य शोधणारीं यंत्रें आलीं. तथापि एक प्रश्न शिल्लकच राहतो. ज्या विद्यार्थ्यानें शाळेंत दहा-बारा वर्षें पुस्तकांतील उत्तर जसेंच्या तसें उतरून पूर्ण गुण मिळविले, शाबासकी मिळविली, त्याला महाविद्यालयांत पाऊल टाकतांच तेंच कृत्य चोरी कां ठरतें, हें कोणी समजावून सांगितलें आहे काय?

हा प्रश्न आजचा वाटतो. परंतु त्याचें मूळ जुनें आहे. चोरीचें स्वरूप शिष्यापुढें उलगडून मांडावें, कीं तिचें नांवहि त्याच्या कानीं पडूं देऊं नये, हा वाद भारतवर्षांत सुमारें अकराशें वर्षांपूर्वीं झालेला आहे. राजशेखरानें आपल्या ‘काव्यमीमांसा’ ग्रंथांत तो वाद नोंदविला, इतकेंच नव्हे, तर आपल्या अभ्यासक्रमांत चोरीच्या विवेचनास तीन अध्याय दिले.

राजशेखर हा यायावर कुळांतील विद्वान् कवि. त्याच्या पूर्वजांत अकालजलद नांवाचा एक कवि होऊन गेला; त्यास राजशेखरानें महाराष्ट्राचा चूडामणि म्हणून गौरविलें आहे. स्वतः राजशेखराची हयात मात्र उत्तरेस कनोजच्या प्रतिहारांच्या सभेंत गेली. इ. स. ९०० च्या सुमारास राज्य करणारा महेंद्रपाल राजा त्याचा शिष्य होता. ‘बालरामायण’, ‘बालभारत’, ‘विद्धशालभंजिका’ हीं त्याचीं संस्कृत रूपकें आणि ‘कर्पूरमंजरी’ हें प्राकृत रूपक प्रसिद्ध आहे. त्याची पत्नी अवंतिसुंदरी ही चाहमान कुळांतील. ती स्वतः विदुषी होती, आणि ‘कर्पूरमंजरी’चा प्रयोग तिच्याच इच्छेवरून झाला असें त्या नाटकाच्या प्रस्तावनेंत सांगितलें आहे.

‘काव्यमीमांसा’ हा ग्रंथ राजशेखरानें अठरा अधिकरणांचा योजिला होता. आज त्यांतील ‘कविरहस्य’ हें पहिलेंच अधिकरण उपलब्ध असून त्याचे अठरा अध्याय आहेत. बडोदें येथें सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयानें जी प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली, तिचें पहिलें पुष्प म्हणून हा ग्रंथ १९१६ सालीं छापून निघाला. चिमणलाल दलाल आणि अनंतकृष्ण शास्त्री हे त्याचे संपादक होत.

हा ग्रंथ वाचतांना तो एका अनुभवी शिक्षकानें लिहिला आहे हें पदोपदीं जाणवतें. कवि होऊं इच्छिणाऱ्यानें दिवसाचे प्रहर कसे वांटावे, केव्हां वाचावें, केव्हां रचावें, रचलेलें केव्हां तपासावें, हें त्यांत सांगितलें आहे. जवळ फळी व खडू, दौत व लेखणी, ताडपत्रें किंवा भूर्जपत्रें असावीं, येथपर्यंत राजशेखराचें लक्ष आहे. त्याच ठिकाणीं तो एक व्यावहारिक सूचना देतो. नवी कविता एकट्या माणसासमोर म्हणूं नये. कारण तो जर उद्यां ती स्वतःची म्हणूं लागला, तर त्याला खोटें पाडण्यास साक्षीदार कोठून आणावा? छापखाना नाहीं, नोंदणी नाहीं, अशा काळांत कर्तृत्वाचा पुरावा म्हणजे ऐकणाऱ्यांचे कान. कवितेची चोरी ही त्या काळींहि कल्पनेंतली भीति नव्हती, हें या एका सूचनेवरून दिसून येतें.

ही भीति एकट्या राजशेखराची नव्हती. रोम नगरींत इ. स. च्या पहिल्या शतकांत मार्शल नांवाच्या कवीनें आपल्या कवितांना मुक्त केलेल्या गुलामांची उपमा दिली आणि त्या आपल्या म्हणून मिरविणाऱ्यास माणसें पळविणाऱ्या चोराचें नांव दिलें. इंग्रजींतील ‘प्लेजिअरिझम’ हा शब्द त्याच नांवापासून आला आहे. आपल्याकडे सातव्या शतकांत, हर्षाच्या सभेंतील बाणभट्टानें ‘हर्षचरिता’च्या प्रारंभींच काव्यचोराची खूण सांगून ठेवली. निसटलेला चोर अंगाचा रंग पालटतो आणि बेडीचे वण झांकतो. तसाच काव्यचोर अक्षरें पालटतो आणि रचनेच्या खुणा लपवितो. तरीहि जाणत्यांच्या मेळाव्यांत तो ओळखला जातो, असा त्याचा आशय. ‘वर्ण’ म्हणजे रंग आणि अक्षर, ‘बंध’ म्हणजे बेडी आणि रचना, या श्लेषावर बाणाचें हें बोलणें उभें आहे.

बाणानें चोर दाखविला. परंतु केवळ साम्य आणि चोरी यांतील भेद त्यानें सांगितला नाहीं. तें काम नवव्या शतकांत काश्मीरच्या आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतांत केलें. दोन कवींच्या उक्तींत जें साम्य आढळतें, तें त्याच्या मतें तीन प्रकारचें असतें. पहिलें आरशांतील प्रतिबिंबासारखें. त्याला स्वतःचें शरीरच नाहीं. दुसरें चित्रासारखें, त्याला शरीर आहे, पण प्राण नाहीं. तिसरें दोन सारख्या दिसणाऱ्या माणसांसारखें. चेहरेपट्टी जुळते, पण जीव वेगळा असतो. पहिलीं दोन साम्यें टाळावीं आणि तिसऱ्यास दोष देऊं नये, असा त्याचा निर्णय आहे. एका माणसाचा चेहरा दुसऱ्यासारखा आहे, म्हणून त्यानें तो चोरला असें कोणी म्हणत नाहीं.

राजशेखराच्या हातीं हा वारसा होता. त्यानें त्याचा पाठ बनविला. अकराव्या अध्यायांत तो प्रथम व्याख्या करतो: दुसऱ्यानें योजिलेले शब्द किंवा अर्थ आपल्या रचनेंत बसविणें याचें नांव ‘हरण’. पाठोपाठ तो सांगतो कीं हें हरण दोन प्रकारचें आहे. एक टाकून देण्याजोगें, दुसरें स्वीकारण्याजोगें. घेणें तेवढें पाप, असें तो म्हणत नाहीं. घ्यावें तेवढें आपलें, असेंहि म्हणत नाहीं. घेण्याघेण्यांत फरक आहे आणि तो फरक ओळखण्यास शिष्यानें शिकलें पाहिजे, ही त्याची भूमिका.

येथें जुन्या आचार्यांचा आक्षेप त्यानें प्रामाणिकपणें मांडला आहे. आचार्य म्हणतात, ही गोष्ट शिकविण्याजोगीच नव्हे. इतर चोऱ्या काळ लोटला म्हणजे विसरल्या जातात. परंतु वाणीच्या चोरीचा डाग मुलांनातवंडांच्या काळींहि पुसला जात नाहीं. ज्या विषयाचा स्पर्श इतका अशुभ, तो शिष्यापुढें काढावा कशाला? आजहि अनेक शिक्षकांची वृत्ति हीच असते. ‘नक्कल करूं नका’ एवढें बजावलें कीं कर्तव्य संपलें. नक्कल म्हणजे नेमकें काय आणि कोठें तिची हद्द सुरू होते, हें सांगण्यास वेळ कोणास आहे?

आचार्यांच्या या मतापुढें राजशेखरानें अवंतिसुंदरीचें मत ठेवलें आहे. मनुष्य दुसऱ्याचें घेण्यास कोणत्या कारणांनीं प्रवृत्त होतो, त्यांची तिनें यादीच दिली. तो अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहें. त्याला प्रतिष्ठा नाहीं, मला आहे. त्याची वाणी गुळवेलीसारखी कडू, माझी द्राक्षासारखी गोड. त्याच्या भाषेला मान नाहीं, माझ्या भाषेला आहे. हें काव्य जाणणारे आतां हयात नाहींत. याचा कर्ता दूरदेशीं राहतो. याचा मूळ ग्रंथ नष्ट झाला आहे. याचें मूळ म्लेच्छ भाषेंत आहे. अशा कारणांनीं शब्दांच्या व अर्थांच्या हरणांत रमावें, असें तिचें मत ग्रंथांत नमूद आहे.

या यादीच्या निष्कर्षाशीं कोणी सहमत होवो वा न होवो, मनाच्या ज्या वाटा तिनें दाखविल्या त्या अचूक आहेत. वसतिगृहांतील आजच्या विद्यार्थ्याच्या तोंडीं त्याच सबबी निराळ्या वेषांत येतात. हा लेख कोणा मोठ्या माणसाचा थोडाच आहे? मूळ इंग्रजींत होतें, मराठींत आणलें तेव्हां तें माझेंच झालें. पुस्तक आतां मिळत नाहीं. लेखक परदेशीं आहे. त्याची भाषा रुक्ष होती, ती सुधारण्याचे श्रम माझे. बारकाईनें पाहिलें तर या सर्व सबबींचे दोनच वर्ग पडतात. मूळ कर्ता लहान आहे हा एक, आणि कोणास कळणार नाहीं हा दुसरा. ‘हा विचार मला सुचला’ असें मात्र त्यांतील एकहि सबब म्हणत नाहीं. विद्यार्थ्यास ही यादी वाचून दाखविली, तर उपदेशाच्या दहा व्याख्यानांनीं न होणारें काम होईल. कारण तो स्वतःचेंच मन तींत पाहील.

यानंतर राजशेखर वर्गीकरणाकडे वळतो. शब्दांच्या हरणाचे तो पांच प्रकार करतो: एका शब्दाचें, श्लोकाच्या एका चरणाचें, अर्ध्या श्लोकाचें, पूर्ण श्लोकाचें आणि संबंध प्रबंधाचें. एखादा शब्द घेतल्यानें दोष लागत नाहीं, असें आचार्यांचें मत. राजशेखर त्यांत दुरुस्ती करतो: तो शब्द द्व्यर्थी असेल, तर मात्र दोष आहे. कारण उघड आहे. साधा शब्द भाषेच्या मालकीचा असतो. परंतु ज्या शब्दांत एखाद्या कवीनें श्लेषाची करामत साधली आहे, तो शब्द त्या कवीच्या बुद्धीचें अपत्य असतो. किती शब्द घेतले यापेक्षां, घेतलेल्या शब्दांत दुसऱ्याचे श्रम किती होते, हें पाहावें, असा विवेक या लहानशा दुरुस्तींत आहे.

त्याच अध्यायांत आणखी एक गोष्ट त्यानें स्पष्ट केली आहे. पैसे मोजून दुसऱ्याची कविता विकत घेणें हेंहि हरणच होय. कीर्ति न मिळाली तरी चालेल, पण अपकीर्ति नको, अशी पुस्तीहि त्यानें जोडली आहे. मोल देऊन प्रबंध लिहून घेणाऱ्या आणि लिहून देणाऱ्या मंडळींनीं हें वाक्य दृष्टीसमोर ठेवावें. विक्रेत्याची संमति असली तरी वाचकाची फसवणूक होतेच. आणि ज्या ज्ञानाची ग्वाही पदवी देते, तें ज्ञान पदवीधारकाजवळ नसतेंच.

बाराव्या आणि तेराव्या अध्यायांत अर्थाच्या हरणाचें विवेचन आहे. आनंदवर्धनाचे तीन प्रकार घेऊन राजशेखर त्यांत चौथ्याची भर घालतो. अर्थ तोच, केवळ वाक्यरचना निराळी, तें प्रतिबिंबासारखें. थोडा संस्कार करून जुनी वस्तु निराळी भासविली, तें चित्रासारखें. विषय भिन्न असूनहि अत्यंत सादृश्यामुळें एक भासतें, तें समान देहासारखें. मूळ बीज एक, पण सारी मांडणी वेगळी, तें परक्या नगरींत प्रवेश करण्यासारखें. यांतील प्रतिबिंबासारखी रचना कवीचें कवित्वच नाहींसें करते, म्हणून ती सर्वथा टाळावी, असा त्याचा स्पष्ट आदेश आहे. चित्राच्या बाबतींत तो आनंदवर्धनापेक्षां सौम्य आहे. कांहीं नवी रेखा दिसत असेल, तर ती वाट त्याला मान्य आहे.

या चार रीतींनीं लिहिणाऱ्या कवींना तो भ्रामक, चुंबक, कर्षक आणि द्रावक अशीं नांवें देतो. हीं रसशास्त्रांतील लोहचुंबकाच्या प्रकारांचीं नांवें आहेत. जुनी वस्तु अप्रसिद्ध आहे एवढ्यावर ती नवी म्हणून फिरविणारा तो भ्रामक. परक्या अर्थाला आपल्या मधुर शब्दांचा केवळ स्पर्श करणारा तो चुंबक. परकी कल्पना ओढून आणून आपल्या रचनेंत कांहीं विशेषासह बसविणारा तो कर्षक. आणि तिला वितळवून असें एकजीव करणारा कीं जुनेपण ओळखूंच येऊं नये, तो द्रावक. हे चारहि लौकिक कवि. पांचवा तो चिंतामणि. पूर्वीं कोणी न पाहिलेला अर्थ त्याला केवळ चिंतनानें स्फुरतो. ही श्रेणी पाहिली म्हणजे शिक्षकाचा हेतु कळतो. शिष्य एका उडींत चिंतामणि होणार नाहीं, हें त्याला माहीत आहे. परंतु आपण कोणत्या पायरीवर उभे आहों हें शिष्यास कळावें, यासाठीं त्यानें पायऱ्या मोजून दाखविल्या.

या विवेचनाच्या ओघांत राजशेखर असेंहि म्हणून जातो कीं चोरीपासून अगदीं मुक्त असा कवि नाहीं आणि व्यापारीहि नाहीं. ज्याला लपवितां येतें तो निंदेवांचून नांदतो. हें वाचून तो चोरीचा पुरस्कर्ता होता असा ग्रह होण्याचा संभव आहे. परंतु त्याचें बोलणें काव्याविषयीं आहे. काव्यांत रसिकाला आनंद हवा असतो. कल्पनेचा उगम कोठला, ही चौकशी तो आस्वादाच्या वेळीं करीत नाहीं. शास्त्राची गोष्ट वेगळी. शास्त्रग्रंथांतील विधान खरें कीं खोटें हें वाचकास तपासावयाचें असतें, आणि विधान कोणाचें हें कळल्याखेरीज तें तपासतां येत नाहीं. म्हणून काव्यांत जें झांकणें कौशल्य ठरूं शकतें, तेंच शास्त्रांत अपराध ठरतें. विद्यापीठांतील निबंध व प्रबंध हे शास्त्राच्या जातीचे आहेत, काव्याच्या नव्हेत, हें विद्यार्थ्याच्या मनावर प्रथम ठसविलें पाहिजे.

राजशेखर स्वतः हा भेद पाळतो, आणि त्याच्या पाठाचा उत्तम भाग तोच आहे. ‘काव्यमीमांसा’ हा शास्त्रग्रंथ. त्यांत प्रत्येक मतावर मालकाची मुद्रा आहे. हें आचार्यांचें, हें वामनाच्या अनुयायांचें, हें आनंदाचें, हें अवंतिसुंदरीचें, असें तो सांगत जातो. आणि स्वतःचें मत आलें म्हणजे ‘यायावरीयाचें मत’ असें म्हणून त्याचीहि निराळी नोंद करतो. हरणाची चर्चा करणारा हा ग्रंथकार स्वतः चर्चा करतांना कोणाचें मत हरण करीत नाहीं.

ही शिस्त त्याच्याही पूर्वींची आहे. पाणिनीनें ‘अष्टाध्यायी’ अत्यंत संक्षेपानें रचली. तरीहि आपिशलि, काश्यप, गार्ग्य, गालव, चाक्रवर्मण, भारद्वाज, शाकटायन, शाकल्य, सेनक आणि स्फोटायन या दहा पूर्वाचार्यांचीं नांवें त्यानें सूत्रांत घातलीं. ‘कौटिलीय अर्थशास्त्र’ आरंभींच सांगतें कीं पूर्वाचार्यांचे ग्रंथ एकत्र करून हें शास्त्र केलें आहे. पुढेंहि आचार्यांचीं मतें एकीकडे आणि कौटिल्याचें मत दुसरीकडे, अशी मांडणी ठिकठिकाणीं आढळते. ऋणनिर्देश ही पाश्चात्यांकडून आलेली नवी रीत आहे, असें समजणाऱ्यांनीं हीं उदाहरणें ध्यानांत घ्यावीं.

मग अनुकरणास शिक्षणांत जागा नाहीं काय? जागा आहे, आणि मोठी आहे. अकराव्या शतकांतील काश्मीरी पंडित क्षेमेंद्र यानें ‘कविकंठाभरण’ हें लहानसें पुस्तक विद्यार्थ्यांसाठींच लिहिलें. त्यांत त्यानें नवशिक्यास एक अभ्यास सांगितला आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’चा पहिला श्लोक घ्यावा आणि त्यांतील शब्दांच्या जागीं समानार्थक शब्द बसवून तोच श्लोक पुन्हां रचावा. नमुना म्हणून त्यानें तसा श्लोक रचूनहि दाखविला आहे. श्रोत्यांच्या ध्यानांत येईल कीं आज प्रबंधाच्या परीक्षणांत जी लबाडी सर्वांत अधिक आढळते, ती हीच: परक्याचा परिच्छेद घ्यावयाचा आणि शब्दाला शब्द बदलून तो आपला म्हणून द्यावयाचा. कृति तीच, मग क्षेमेंद्राच्या शिष्याला तो अभ्यास आणि आजच्या विद्यार्थ्याला ती चोरी कां? उत्तर असें कीं तो श्लोक कालिदासाचा आहे हें गुरूला ठाऊक होतें, शिष्याला ठाऊक होतें, आणि तें दोघांनाहि ठाऊक आहे हेंहि ठाऊक होतें. तो श्लोक फळीवर लिहिला जाई, पुसला जाई. त्यावर कोणी नांव घालून सभेंत म्हणत नसे. सराव आणि सादर केलेली कृति यांमधील ही रेषा विद्यार्थ्यास दाखविली, तर अनुकरण त्याचा गुरु होईल; न दाखविली, तर तेंच त्याला अपराधाकडे नेईल.

ही रेषा ग्रंथकारांनाहि नेहमींच सांभाळतां आली असें नाहीं. बाराव्या शतकांत गुजराथेंत होऊन गेलेल्या हेमचंद्राचार्यांनीं ‘काव्यानुशासन’ हा ग्रंथ लिहिला. त्यांत ‘काव्यमीमांसा’, ‘ध्वन्यालोक’, ‘काव्यप्रकाश’ आणि अभिनवगुप्ताची नाट्यशास्त्रावरील टीका यांतील मोठमोठे भाग उतरून घेतलेले आहेत. संस्कृत साहित्यशास्त्राचा इतिहास लिहिणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं या ग्रंथांत स्वतंत्र विचार फारसा नाहीं असा अभिप्राय दिला. दुसऱ्या अभ्यासकांनीं हेमचंद्रांची बाजू मांडली आहे: शिष्यांसाठीं सर्व शास्त्र एका ठिकाणीं गोळा करणें हाच त्यांचा उद्देश होता. या संग्रहाचा एक लाभहि झाला. अभिनवगुप्ताच्या टीकेचा सातव्या अध्यायावरील भाग हस्तलिखितांत बव्हंशीं नष्ट झाला होता. त्यांतील कांहीं अंश हेमचंद्रांच्या ग्रंथांत सांपडला. परंतु तो कोणाचा हें ठरविण्यासाठीं आधुनिक संशोधकांना ओळींमागून ओळी ताडून पाहाव्या लागल्या. परक्याचें वचन राखून ठेवणें हा उपकार. त्याचें नांवहि राखलें असतें, तर तो उपकार पूर्ण झाला असता.

महाराष्ट्रांतील संतांनींहि या प्रश्नाकडे पाठ फिरविली नाहीं. ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें गीतेवरील टीका पूर्ण केली, तेव्हां व्यासांच्या पाउलखुणा पाहात आणि भाष्यकारांना वाट विचारीत आपण आलों, असें त्यांनीं उघड सांगितलें. असें सांगितल्यानें त्यांच्या ग्रंथाची थोरवी रतिभरहि कमी झाली नाहीं. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें त्याच ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तींत कोणी आपली ओंवी घुसडूं नये अशी ताकीद दिली. दुसऱ्याचें वचन आपल्या नांवावर घालणें ही एक चोरी, तर आपलें वचन दुसऱ्याच्या नांवावर घालणें ही तिचीच उलट बाजू. तुकारामांच्या गाथेंत सालोमालो नांवाच्या माणसांविषयींचे अभंग आहेत. एकाचें तें आपलें म्हणणारे आणि संतांचीं वचनें मोडून त्यांचे स्वतःसाठीं दागिने घडविणारे लोक, अशी त्यांची संभावना तेथें झाली आहे. सोनाराच्या मुशींत दागिना वितळला म्हणजे मालकाची खूण नाहींशी होते. सोनें मात्र मालकाचेंच राहतें.

आतां पुन्हां २०१८ च्या नियमांकडे पाहावें. त्यांत साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा ठेवलेली नाहीं. प्रबंधांत तें १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आंत सुधारलेली प्रत द्यावी. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्षपर्यंत ती देतां येऊं नये. ६० टक्क्यांहून अधिक असेल तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द व्हावी, असें ठरलें. उगम सांगून घेतलेलीं अवतरणें, संदर्भसूचि आणि सर्वसामान्य माहितीचे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे यांना मोजणींतून वगळण्यांत आलें. त्याच नियमांनीं संस्थांवर विद्यार्थ्यांना जागृत करण्याची जबाबदारीहि टाकली, आणि पुढें डिसेंबर २०१९ मध्यें पीएच्. डी. च्या विद्यार्थ्यांसाठीं संशोधन व प्रकाशन यांतील नीतीचा स्वतंत्र अभ्यासक्रम आयोगानें सांगितला.

हें सर्व योग्यच आहे. परंतु राजशेखराच्या परिभाषेंत बोलावयाचें तर यंत्र मुख्यतः शब्दहरण पकडतें. अर्थहरण पकडण्यास वाचणारा मनुष्यच लागतो. विद्यार्थ्याला टक्केवारीचीच भीति घातली, तर तो टक्केवारीच कमी करण्यास शिकेल. तो शब्द बदलील, वाक्यें उलटींपालटीं करील, आणि अलीकडे तर हेंहि काम यंत्राकडूनच करून घेईल. बाणानें सांगितलेला रंग पालटलेला आणि वण झांकलेला चोर तो हाच. नऊ टक्के साम्य असलेला प्रबंध संपूर्ण चोरलेला असूं शकतो, आणि प्रामाणिक अभ्यासकाच्या प्रबंधांतहि यंत्राला मोठें साम्य आढळूं शकतें.

म्हणून खरें काम वर्गांतलेंच आहे, आणि तें प्रबंधाच्या वेळीं नव्हे, पहिल्या निबंधाच्या वेळीं सुरू झालें पाहिजे. विद्यार्थ्यानें टिपण काढतांना ग्रंथकाराचें नांव, ग्रंथ आणि पृष्ठ हीं प्रथम लिहावीं, मग मजकूर लिहावा. परक्याचें वाक्य जसेंच्या तसें घेतलें तर त्याला तेथेंच अवतरणचिन्ह द्यावें; सहा महिन्यांनीं वही उघडली म्हणजे कोणतें वाक्य कोणाचें हें स्मरणांत राहात नाहीं, आणि पुष्कळशी चोरी अशा विस्मरणांतूनच घडते. एखादा विचार आपल्या शब्दांत सांगावयाचा असेल, तर पुस्तक मिटून ठेवावें, समजला तसा लिहावा, मग ताडून पाहावा, आणि विचार कोणाचा तें सांगावें. शिक्षकानेंहि आपलें कर्तव्य करावें. पुस्तकांतून उतरून उत्तर देतां येईल असाच प्रश्न वर्षानुवर्षें घालणाऱ्याला नक्कलेविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार उरत नाहीं. निबंध तपासतांना ‘यांत इतरांचें काय आणि तुझें काय?’ हा एक प्रश्न त्यानें प्रत्येक विद्यार्थ्यास विचारावा. ‘माझें एवढेंच एक वाक्य’ असें उत्तर आलें, तरी तें वाक्य मोलाचें मानावें. कारण राजशेखराच्या पायऱ्या चढण्यास तेथून प्रारंभ होतो.

नांव सांगितल्यानें काय साधतें, याचें प्रत्यक्ष उदाहरण त्याच्याच ग्रंथांत आहे. अवंतिसुंदरीचा काव्यविचारावरील स्वतंत्र ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. ‘काव्यमीमांसें’त तीन ठिकाणीं तिचें मत तिच्या नांवानिशीं आलें आहे, आणि तिचे काव्यविषयक विचार आज ठाऊक आहेत ते एवढ्यामुळेंच. तिच्या पतीनें तीं तीन मतें आपल्या नांवावर खपविलीं असतीं, तर त्या काळीं कोणास कळलें नसतें, आणि आज तर कळण्याचा मार्गच राहिला नसता. त्यानें तसें केलें नाहीं. म्हणून अकराशें वर्षांनंतरहि विद्यार्थी तो अध्याय उघडतो, तेव्हां त्याला तेथें दोन विचारवंत भेटतात.